ड्रॉइंगची परीक्षा दिली, पण मूळ चित्र पाहिलं का? यवतमाळहून संग्रहालय सहल आखायची कशी, समजून घ्या

दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून जिल्ह्यातली मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसतात. कला संचालनालयाच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए श्रेणी आली की दहावीत 7, बी आली की 5 आणि सी आली की 3 गुण. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, सगळ्याचा सराव होतो. पण यातली बरीच मुलं एकही मूळ चित्र किंवा जुनी मूर्ती समोर उभं राहून न पाहताच शाळा सोडतात. सहल निघते ती शेगाव, चिखलदरा, नाहीतर वॉटर पार्कला.

एका दिवसात कुठे जाता येईल?

यवतमाळहून नागपूर साधारण 150 किलोमीटर. कळंब, देवळी, वर्धा असा राष्ट्रीय महामार्ग 361. सकाळी सहाला गाडी निघाली तर चहा-नाश्ता धरूनही दहा-साडेदहाला सिव्हिल लाइन्समध्ये पोहोचता येतं. इथे आहे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजेच नागपूरकरांचा 'अजब बंगला'. 1863 मध्ये सुरू झालेलं हे संग्रहालय देशातल्या सर्वांत जुन्या संग्रहालयांपैकी एक. पेंढा भरलेले प्राणी, शस्त्रं, नाणी, ताम्रपट, शिल्पं, चित्रं असं सगळं एकाच छताखाली असल्याने हे नाव पडलं. सोमवारी मात्र बंद असतं. दरवाजावर कुलूप पाहून परतण्यापेक्षा तारीख ठरवतानाच हे पाहून घ्या.

मुलांना काय दाखवायचं?

सगळं दाखवायला गेलं की काहीच लक्षात राहत नाही. पाच-सहा वस्तू पुरेत. त्यातली एक गुंगेरियाची. बालाघाटजवळच्या या गावात 1870 मध्ये गुरं चारणाऱ्या दोन पोरांच्या हाताला जमिनीतला धातूचा तुकडा लागला. खोदल्यावर निघाली 424 तांब्याची हत्यारं आणि चांदीचे 102 पत्रे. भारतातल्या ताम्रनिधींमध्ये हा सर्वांत मोठ्यांपैकी एक. बालाघाट तेव्हा मध्य प्रांतात होतं आणि प्रांताची राजधानी नागपूर. त्यामुळे काही वस्तू नागपुरात राहिल्या, काही थेट लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला गेल्या. ढोरं राखणाऱ्या पोरांमुळे इतिहासात भर पडली, हे यवतमाळच्या मुलांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी वस्तू, राजनापूर खिंखिणीच्या जैन कांस्यमूर्ती. हे गाव अकोला जिल्ह्यातलं, मूर्तिजापूरकडचं. 'शकुंतला' ज्या मूर्तिजापूरला जायची तेच. संग्रहालयातल्या वस्तू कुठल्या तरी दूरच्या राजधानीतून येतात, हा समज इथे मोडतो.

माहिती सांगणारा माणूस लागतोच का?

लागतो. नाहीतर चाळीस मुलं वीस मिनिटांत मागच्या दाराने बाहेर येतात आणि डबे उघडतात. मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र आधी देऊन संग्रहालयात कुणी माहिती देईल का, हे विचारून ठेवावं. कुणी मिळालं नाही तर चित्रकलेच्या सरांनी किंवा मॅडमनी एकदा आधी जाऊन यावं. पंधरा-पंधराचे गट करावेत. आधी मुलांना बोलू द्यावं: काय दिसतं, हात कुठे आहे, काय तुटलंय? फलक त्यानंतर वाचावा. वही-पेन्सिल हवीच. एका मूर्तीसमोर दहा मिनिटं बसून काढलेलं कच्चं रेखाटन मोबाइलमधल्या पन्नास फोटोंपेक्षा जास्त दिवस पुरतं.

खर्चाचं काय?

शालेय सहलींना एसटी महामंडळ प्रासंगिक करारावर 50 टक्के सवलतीत बस देतं. हिवाळ्यात आगारांवर सहलींची गर्दी असते, त्यामुळे अर्ज लवकर टाकलेला बरा. खरी अडचण उमरखेड, पुसदकडच्या शाळांची. तिथून नागपूर गाठून त्याच रात्री परतणं लहान मुलांना जड जातं. जिल्हा एक असला तरी अंतर सगळ्यांना सारखं नाही, आणि सहलीचं नियोजन यवतमाळ शहर धरूनच केलं जातं.

आणि मुंबई?

मोठ्या मुलांसाठी हाही पर्याय आहे. धामणगावहून सायंकाळी विदर्भ एक्स्प्रेस, सकाळी सीएसएमटी. तिथून काळा घोडा परिसर पायी गाठता येतो. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय (1922), राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय (1996) आणि जहांगीर आर्ट गॅलरी (1952) ही तिन्ही ठिकाणं एकमेकांपासून काही मिनिटांवर आहेत. पहिल्या दोन इमारती जॉर्ज विटेट या एकाच वास्तुविशारदाच्या. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असतं. जहांगीरला तिकीट नाही, आणि चित्रकार अनेकदा स्वतःच्या चित्राशेजारीच बसलेला असतो. मुलांनी त्याला रंग कोणता वापरला हे बेधडक विचारावं. संध्याकाळच्या परतीच्या गाडीचं आरक्षण मात्र जाण्याच्या तिकिटांसोबतच काढून ठेवा.