पोहोचण्याआधीचा रस्ता

अमेरिकेतल्या रोड ट्रिपचा फोटो म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच दृश्य उभं राहतं: क्षितिजापर्यंत सरळ गेलेला डांबरी रस्ता, मधोमध पट्टा, दोन्ही बाजूंना ओसाड माळ आणि औषधालाही माणूस नाही. त्याची भारतीय आवृत्ती आपण लडाखमध्ये किंवा कच्छच्या रणात शोधायला जातो आणि तिथे पोहोचेपर्यंत कॅमेरा बॅगेतच ठेवतो. भोपाळच्या बाग सेवनियात राहणाऱ्या एखाद्या हौशी छायाचित्रकाराला आपल्या वस्तीजवळून दक्षिणेकडे जाणारा होशंगाबाद रोड या कामाचा वाटेल, अशी शक्यता कमीच. एकीकडे एम्स, दुसरीकडे बरकतउल्ला विद्यापीठ, मध्ये वाहनांची न संपणारी रांग. यात टिपण्यासारखं काय, असंच तो म्हणेल. पण मोकळा रस्ता हा त्या अमेरिकी परंपरेतला सर्वांत गौण भाग आहे, असं माझं मत आहे. जिथे जायला निघालो नव्हतो तिथे थांबायचं, प्रसंगी गाडी वळवून मागे यायचं, हे तिचं खरं बळ. ही कसोटी लावली तर बाग सेवनियाजवळून मंडीदीप, नर्मदापुरम (पूर्वीचं होशंगाबाद), बैतूल करत नागपूरला जाणारा रस्ता छायाचित्रकाराला लडाखपेक्षा जास्त देऊ शकतो.

पुरावा म्हणून या परंपरेतलं सर्वांत गाजलेलं पुस्तकच घेऊ. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या रॉबर्ट फ्रँकला 1955 मध्ये गुगेनहाइम फेलोशिप मिळाली. एक जुनी फोर्ड गाडी घेऊन 1955 आणि 1956 या दोन वर्षांत तो अमेरिकाभर फिरला, सुमारे 27 हजार फोटो काढले आणि त्यातले फक्त 83 ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकात ठेवले. पुस्तक आधी 1958 मध्ये पॅरिसमध्ये निघालं आणि 1959 मध्ये अमेरिकेत. त्यात मोकळ्या रस्त्याचं गाजलेलं चित्र एकच आहे, न्यू मेक्सिकोतल्या यू. एस. 285 या मार्गाचं. बाकी पानांवर ज्यूकबॉक्स आहेत, खाणावळींतले कंटाळलेले चेहरे आहेत, अंत्यविधीला जमलेली माणसं आहेत, कापडाखाली झाकलेली मोटार आहे आणि न्यू ऑर्लिन्सची ती ट्रॉली आहे, जिच्या पुढच्या खिडक्यांत गोरे आणि मागच्या खिडक्यांत काळे प्रवासी बसले आहेत. अमेरिकी समीक्षकांना सुरुवातीला हे पुस्तक झोंबलं, ते देशाचं ओंगळ रूप दाखवतं म्हणून. पुढच्या पिढीनेही निसर्गशोभेकडे पाठच फिरवली. एड रुशेने 1963 मध्ये लॉस एंजेलिस ते ओक्लाहोमा या वाटेवरच्या सव्वीस पेट्रोल पंपांचं एक साधं, जवळजवळ रुक्ष पुस्तक काढलं. स्टीफन शोअरने 1970 च्या दशकात मोटेलचे पलंग, न्याहारीच्या थाळ्या आणि गावातले निर्जन चौक रंगीत फिल्मवर टिपले. ज्या गोष्टींसाठी कुणीही घरून निघत नाही, त्या या लोकांनी पुस्तकात आणल्या.

गाडी मागे वळवण्याचं सर्वांत मोठं उदाहरण तर फ्रँकच्याही आधीचं आहे. मार्च 1936 मध्ये छायाचित्रकार डोरोथिया लँग कॅलिफोर्नियातलं सरकारी काम आटोपून घरी निघाली होती. निपोमो गावाजवळ वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळाची पाटी तिला दिसली आणि ती पुढे निघून गेली. वीस मैल गेल्यावर तिने गाडी वळवली, तळावर परतली आणि एका आईचे मुलांसह मोजके फोटो काढले. त्यातला एक ‘मायग्रंट मदर’ या नावाने जगभर गेला. नेमका असाच प्रसंग, वेगळ्या क्षेत्रातला, बाग सेवनियाच्या दक्षिणेला याच रस्त्यालगत घडला आहे आणि त्याचा नायक मराठी माणूस आहे. भीमबेटका या टेकडीचा उल्लेख 1888 मध्ये किंकेड या इंग्रज अधिकाऱ्याने केला होता, पण तो स्थानिकांकडून मिळालेल्या ऐकीव माहितीवर आणि बौद्ध स्थळ म्हणून. उज्जैनचे पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर यांना 1957 मध्ये रेल्वेने भोपाळकडे येताना त्या टेकडीवरचे खडक खुणावले. गाडी थांबणं शक्य नव्हतं. ते पुन्हा आले, पायी वर चढले आणि हजारो वर्षांपूर्वीची चित्रं जगापुढे आली. 2003 मध्ये युनेस्कोने या शैलाश्रयांना जागतिक वारसा यादीत घेतलं. या मार्गाने रोज कितीतरी गाड्या जात असतील. खडक सगळ्यांनाच दिसत होते, परत येणारा एकच निघाला. भारताचा खरा ‘रोड’ म्हणजे रेल्वे, असं नेहमी म्हटलं जातं आणि त्यात तथ्य आहे. रेल्वे दाखवते भरपूर, पण उतरायचं कुठे हे ती आधीच ठरवून टाकते. छायाचित्रकाराला रस्ता हवा तो एवढ्यासाठी.

मात्र रस्ताही थांबू देतोच असं नाही. फ्रँकचा प्रवास संपला त्याच वर्षी, 29 जून 1956 रोजी, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी 41 हजार मैलांच्या इंटरस्टेट महामार्गांच्या जाळ्याच्या कायद्यावर सही केली. गावं बाजूला पडली, वेग वाढला आणि 1926 पासून चालत आलेला रूट 66 अखेर 1985 मध्ये अधिकृत यादीतून काढून टाकला गेला. आज त्याची जी स्मृती शिल्लक आहे त्यातला मोठा वाटा छायाचित्रांचा आहे. आपल्याकडे हीच घडामोड सध्या चालू आहे आणि तिचा वेग मोठा आहे. होशंगाबाद रोडचंच पाहा. मिसरोद ते बैरागढ हा सुमारे 24 किलोमीटरचा बीआरटीएस मार्ग 2013 मध्ये सुरू झाला, बससाठी रस्त्याच्या मध्यात वेगळी मार्गिका आली, कठडे आले, थांबे आले. आणि जानेवारी 2024 पासून ते सगळं उखडायला सुरुवातही झाली. एका शहराने रस्त्याबद्दल केलेला एवढा मोठा प्रयोग जेमतेम दहा वर्षांत आला आणि गेला. पुढे एम्सपर्यंत मेट्रोचे खांब उभे राहिले. दक्षिणेला चौपदरी महामार्ग ओबेदुल्लागंजसारख्या गावांना वळसा घालू लागला की चौकातली चहाची टपरी, पंक्चरवाला, उसाचं गुऱ्हाळ हे सारं जुन्या रस्त्यावर मागे राहतं. तिथे थांबायला आता वाट वाकडी करावी लागते.

या सगळ्यावर पहिला आक्षेप असा येईल की ही अमेरिकी रीत उचलून भोपाळमध्ये लावणं म्हणजे नुसती नक्कल. तिथला रस्ता एकट्या माणसाचा, आपला रस्ता गर्दीचा. तिथे दोन गावांमध्ये पोकळी, इथे दोन गावांमध्ये तिसरं गाव. आक्षेप अर्धा बरोबर आहे. म्हणूनच ज्यांनी तो सोडवला त्या रघुबीर सिंग यांच्याकडे पाहायला हवं. जयपूरचे रघुबीर सिंग (1942–1999) यांनी देशभर फिरताना अँबॅसडर मोटारीलाच चित्राची चौकट केली. दाराची कड, आरसा, पुढची काच हे सगळं त्यांच्या फोटोत उघड दिसतं आणि त्या तुकड्यांमधून रस्त्यावरची माणसं, जनावरं, दुकानं, मिरवणुका आत शिरतात, तेही भरगच्च रंगांत. हा संग्रह ‘अ वे इन्टू इंडिया’ या नावाने त्यांच्या मृत्यूनंतर 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेत ली फ्रीडलँडरने भाड्याच्या गाड्यांतून, अशाच चौकटीत टिपलेलं ‘अमेरिका बाय कार’ हे पुस्तक 2010 मध्ये निघालं. तेव्हा कुणी कुणाची नक्कल केली हा वाद फारसा पुढे जात नाही. अमेरिकेकडून घेण्यासारखी होती ती पद्धत, आणि सिंग यांनी तेवढीच घेतली. पोकळी तिथेच ठेवली. अँबॅसडरचं उत्पादन 2014 मध्ये थांबलं, त्यामुळे ते पुस्तक आता त्या गाडीचाही दस्तऐवज झालं आहे.

दुसरा आक्षेप याहून टोकदार आहे आणि तो सहज झटकता येणार नाही. मोटारीच्या काचेतून रस्त्याकडेच्या माणसाचा फोटो काढणं ही ऐपतदाराची नजर आहे. या प्रदेशात तर तिला इतिहासही आहे. इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला असलेले लाला दीनदयाळ 1882 मध्ये गव्हर्नर जनरलचे मध्य भारतातले एजंट लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर दौऱ्यावर गेले आणि तिथल्या इमारतींचे त्यांनी काढलेले फोटो ग्रिफिन यांच्या ग्रंथात आले. फोटो उत्कृष्ट आहेत, पण कुठे थांबायचं ते साहेबाच्या दौऱ्याने ठरवलं होतं. अमेरिकेतही रस्ता सर्वांना सारखा मोकळा नव्हता. काळ्या प्रवाशांना कुठे जेवण मिळेल, कुठे मुक्काम करता येईल हे सांगणारं ‘ग्रीन बुक’ 1936 पासून तीस वर्षं निघत राहिलं, आणि खुद्द फ्रँकला आर्कान्सॉमध्ये निव्वळ संशयावरून पोलिसांनी अटक केली होती. लँगने टिपलेल्या त्या आईचं, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसनचं, नाव जगाला 1978 मध्ये कळलं, आणि आपल्या चेहऱ्यातून आपल्याला काहीच मिळालं नाही ही तिची तक्रार होती. भोपाळला हे वेगळं सांगायला नको. 1984 च्या डिसेंबरात, वायुदुर्घटनेनंतर, पुरल्या जाणाऱ्या अनाम बालकाचा चेहरा रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनीही टिपला. बार्थोलोम्यूच्या फोटोला त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च सन्मान मिळाला. ते फोटो आवश्यकच होते, त्यांच्यावाचून ती रात्र जगाने सहज विसरली असती. पण तेव्हापासून बाहेरच्या जगात या शहराला दुसरा चेहराच उरलेला नाही.

मला वाटतं, या आक्षेपाला उत्तर आहे, मात्र ते अर्धवट आहे. रघुबीर सिंग यांच्यासारखं गाडीची चौकट फोटोत राहू दिली तर पाहणारा कुठे बसला आहे हे लपत नाही. खाली उतरून, विचारून काढलेल्या फोटोत समोरच्याला नाही म्हणायची संधी मिळते. आणि रस्ता रोजचा असेल तर परत जाता येतं, फोटोची प्रत हातात देता येते. लडाखला गेलेल्या पर्यटकाला हे बहुधा जमत नाही. घराजवळचा रस्ता निवडण्याचं हे माझ्या मते सर्वांत मोठं कारण. एक अडचण तरीही उरते: एकट्या बाईला महामार्गावर कुठेही, केव्हाही गाडी थांबवता येते असं म्हणायला आपला देश अजून मोकळा नाही. लँग 1936 मध्ये एकटी गाडी चालवत होती हे इथे आठवतं, पण त्याने प्रश्न सुटत नाही.

आता खुद्द रस्ता. बाग सेवनियाहून निघालं की मिसरोद, मग मंडीदीप, जिथे पाळी सुटताना कारखान्यांच्या फाटकांवर सायकली आणि मोटरसायकलींची एकच झुंबड उडते. ओबेदुल्लागंजनंतर भीमबेटकाची टेकडी, रातापानीचं जंगल (डिसेंबर 2024 पासून व्याघ्रप्रकल्प) आणि घाट उतरून बुधनी. इथे लेथवर घडवलेली लाकडी खेळणी मिळतात आणि इथेच ट्रॅक्टर व शेती-यंत्रांचं केंद्र सरकारचं प्रशिक्षण केंद्रही आहे. एका गावात हे दोन्ही असणं म्हणजे फोटोंची आयती जोडी. नर्मदा ओलांडली की सेठानी घाट, पुढे इटारसी, सातपुड्यातला बरेठा घाट, बैतूल, तापीचं उगमस्थान मुलताई, संत्र्यांचं पांढुर्णा. या टप्प्यावर बाजारात मराठी ऐकू येऊ लागते आणि सावनेरवरून नागपूर गाठलं जातं. भोपाळच्या मराठी माणसाचं या रस्त्याशी आणखी एक नातं आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नवं मध्य प्रदेश राज्य झालं, नागपूरचं राजधानीपण गेलं आणि तिथल्या सरकारी कचेऱ्यांतली अनेक कुटुंबं भोपाळला आली. सुट्ट्यांत, लग्नकार्यांत, दिवसकार्यांत ती याच दिशेने परत जात राहिली. न्यू मेक्सिकोतल्या त्या यू. एस. 285 वर एवढं सामान कुठून असणार?

तिसरा आक्षेप मोबाइलचा. आज प्रत्येक गाडीत चार कॅमेरे आहेत, महामार्गाच्या रील दिवसभर पडत असतात, मग आणखी एका छायाचित्रकाराची गरज कुणाला? इथे फ्रँकचे आकडे पुन्हा पाहावेत: सुमारे सव्वातीनशे फोटोंमागे एक त्याने ठेवला, आणि मग त्या 83 चित्रांचा क्रम लावण्यात बराच काळ घालवला. झेंड्याचा फोटो कुठे यावा, ट्रॉली कशानंतर यावी यात पुस्तकाचं अर्धं म्हणणं आहे. काढणं सोपं झालं आहे, गाळणं आणि मांडणं आजही तितकंच अवघड आहे. रीलमध्ये रस्ता धावत असतो. मंडीदीपच्या फाटकाशेजारी बुधनीचा कातारी आणि त्याच्याशेजारी पांढुर्ण्याचा संत्रीवाला ठेवून पाहायची सवड ती देत नाही.

एक सूचना कॅमेरा नसलेल्यांसाठीही आहे. भोपाळच्या मराठी घरांतल्या जुन्या अल्बममध्ये या वाटेवरचे फोटो असतात: घाटात बिघडलेली मोटार, बैतूलच्या स्टँडवरची बस, नर्मदेच्या पुलापाशी हात करून उभी असलेली मावशी. वडीलधारी मंडळी आहेत तोवर त्यांना विचारून प्रत्येक फोटोच्या मागे जागा आणि साल पेन्सिलीने लिहून घ्या. शाईचे डाग पुढे पडतात.