हत्तीच्या पोटातला दिवस

पहाटे ५ : पावस, पूर्णगड, गावखडी करत कशेळी. कातळशिल्पांच्या पुस्तिकेसाठी तिथल्या जांभ्याच्या सड्यावर कोरलेल्या हत्तीवर चार ओळी लिहायच्या आहेत. ऊन चढायच्या आत सड्यावर पोचायलाच हवं.

७ : आधी खराटा. पालापाचोळा, माती झाडली. रेघांत खडू भरायचा नाही, हे सोबतच्या पोरांना पुन्हा सांगितलं. कोवळं तिरपं ऊन जांभ्यातल्या खाचेत शिरलं की एका कडेला सावली पडते आणि रेघ उठते. आधी पाठ दिसली, मग सोंड. हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद. त्याच्या पोटात मासे, पक्षी, चौपायी जनावरं.

९ : खरं काम हेच, चालणं. या चित्राला चौकट नाही, वर-खाली नाही. एका जनावराचे पाय माझ्याकडे, तर शेजारच्याचे पलीकडे. वाचायला फिरावंच लागतं. कोरणाऱ्यालाही अख्खा हत्ती एका नजरेत मावला नसणार. तरी पाठीची कमान कुठे डगमगत नाही. मला त्यात दरारा वाटत नाही, आसरा वाटतो. बारसूच्या कातळशिल्पात दोन वाघांच्या मधे माणूस आहे, तिथे दोन्हीकडचा तोल अंगावर येतो. इथे कुणी कुणाला अडवत नाही. अर्थात हा माझा भाव. कोरणाऱ्याचा कोण जाणे.

१२ : ऊन डोक्यावर, हत्ती गायब. भाकरी, सुकटीची चटणी.

१ : गुरं घेऊन आलेल्या काकांना विचारलं, "काका, हा चाललाय की उभा आहे?"
"तुम्ही फिरताय म्हणून तुम्हाला तो चाललासा वाटतोय," ते म्हणाले. माझ्या चार ओळींपेक्षा सरस!

४ : आता ऊन पश्चिमेचं. सावली खाचेच्या दुसऱ्या कडेला. सकाळी निसटलेलं एक शेपूट सापडलं.

रात्री ८ : संपादकांचा फोन. २०२२मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेल्यापासून सगळ्यांना ड्रोनचाच फोटो हवा. आकार कळायला तो उत्तमच, पण वरून हत्ती छापील नक्षी होतो. म्हटलं, "छापा, पण सोंडेजवळ माणूस उभा असलेला. आणि शेजारी सकाळ-संध्याकाळचे दोन फोटो, जमिनीवरून काढलेले." जागा नाही म्हणाले. मग माझ्या ओळी दोन करा, म्हटलं.