रिपोर्ट नॉर्मल, तरी अंग का दुखते?

गेल्या महिन्यात विहारातल्या आरोग्य शिबिरात एक ताई पिशवीभर कागद घेऊन आल्या. वय ४२, शाळेत साफसफाईचे काम. चार वर्षांपासून मान, खांदे, कंबर, मांड्या सगळेच ठणकते. रात्रभर झोपूनही सकाळी अंग मोडल्यासारखे. एक्स-रे, एमआरआय, रक्ततपासणी सगळे नॉर्मल. घरचे म्हणतात, कामाचा कंटाळा आलाय. शेजारणीने बाहेरचे म्हणून अंगारा दिला. गल्लीतल्या डॉक्टरकडे दर आठवड्याला सुई आणि सलाईन. कागद चाळले तर हाडांच्या डॉक्टरकडे पाच फेऱ्या, संधिवाताच्या डॉक्टरकडे एकही नाही.

अशा दुखण्यामागे फायब्रोमायल्जिया असू शकतो. यात हाड झिजत नाही, सांधा सुजत नाही. मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेचे संदेश वाढवून घेतात, म्हणून साधा दाबही दुखतो. सोबत थकवा, न भरून येणारी झोप, विसरभोळेपणा. पुरुषांनाही होतो, पण बायकांमध्ये जास्त आढळतो. तो एक्स-रेत दिसत नाही आणि त्याची रक्ततपासणीही नाही. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे दुखणे खोटे, असे मुळीच नाही. वॉर्डात ड्यूटीवर असताना आम्ही नर्सही अशा बाईला 'नाटकी' म्हणायचो. आज त्याची लाज वाटते.

निदान होते ते नीट विचारपूस करून. १९९० च्या निकषांत शरीरावरचे १८ बिंदू दाबून किमान ११ दुखतात का, हे पाहत. २०१० पासून दुखणे किती भागांत आहे, झोप आणि थकवा कसा आहे, तीन महिने टिकले आहे का, यावर भर आला. म्हणून डॉक्टरांपुढे आपण काय सांगतो, याला फार महत्त्व आहे.

पहिल्यांदा एमडी मेडिसिन डॉक्टरांना दाखवा. थायरॉईड, हिमोग्लोबिन, ईएसआर, साखर, ड जीवनसत्त्व तपासून घ्या, कारण थायरॉईड बिघडले किंवा ड जीवनसत्त्व कमी पडले तरी अंग असेच दुखते. तरीही उलगडा झाला नाही तर संधिवाततज्ज्ञ, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्ट. हे डॉक्टर थोडे आणि बहुतेक मोठ्या शहरांत. मुंबईत केईएम रुग्णालयात त्यांचा स्वतंत्र विभाग आहे. जिल्ह्यातून जाणाऱ्यांनी जिल्हा रुग्णालयातून चिठ्ठी घ्यावी आणि ओपीडीचा वार आधी विचारावा, नाहीतर भाडे आणि मजुरी दोन्ही बुडते. सांधे सुजत असतील, ताप येत असेल, वजन उतरत असेल तर मात्र थांबू नका. तो दुसरा आजार असू शकतो.

ओपीडीत पाच मिनिटे मिळतात. "सगळं अंग दुखतं" एवढ्यावर थांबू नका. कागदावर माणसाचे चित्र काढून दुखरे भाग रंगवा. कधीपासून, झोप कशी, कोणते काम आता जमत नाही, कोणत्या गोळ्या घेतल्या, सगळे लिहा. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या. जुन्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावा.

आता औषधे. अॅमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन, प्रीगॅबालिन अशा गोळ्या देतात. मेडिकलवाला म्हणतो, "ही तर डिप्रेशनची गोळी," आणि बाई ती कचऱ्यात टाकते. अहो, त्यातल्या काही गोळ्या वेदनेचा संदेशही कमी करतात. त्या मनाने सुरू करू नका, एकदम बंदही करू नका. स्टिरॉइडची सुई या आजारात उपयोगाची नाही, आणि रोजच्या वेदनाशामक गोळ्यांनी पोट आणि किडनी बिघडते ते वेगळेच.

सगळ्यात जास्त उपयोग व्यायामाचा. यावर बायका हसतात, "दिवसभर राबतोच की!" पण वाकून फरशी पुसणे म्हणजे व्यायाम नव्हे. त्यात तेच स्नायू पुन्हा पुन्हा ताणले जातात. दहा मिनिटे चालण्यापासून सुरुवात करून आठवड्याला थोडे थोडे वाढवायचे. पहिले काही दिवस दुखणे वाढल्यासारखे वाटते, तिथेच बहुतेकजणी सोडतात.

खर्चाचे म्हणाल तर १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत आहेत. महापालिकेच्या आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांना हा नियम नाही, तिथे केस पेपरचे पैसे लागू शकतात.

त्या ताईंची चिठ्ठी झाली आहे. मंगळवारी मी सोबत जाणार. त्यांच्या मालकांनाही यायला सांगितले आहे, डॉक्टरांचे बोलणे त्यांनीही कानाने ऐकावे म्हणून.