हजार प्रतींची पांढरी तबकडी

जिच्या वेष्टनावर नाव नव्हते, चित्र नव्हते, अशा एका तबकडीतली गाणी पुढे जगभर गाजली. पण ती गाजवली दुसऱ्यांनी. इंग्लंडमधल्या चार मुलांची ही हकिकत.

मुलगा कॉलेजात जाऊ लागला की अनेक घरांत एक वाद सुरू होतो. बंद दाराआडून गिटारचा कर्कश आवाज आणि ड्रमची धडधड ऐकू येते. बाहेरून आई म्हणते, "अरे, हे काय गाणं म्हणायचं? आवाज कमी कर!" आतून उत्तर येते, "आई, हे हेवी मेटल आहे. तुला नाही कळणार."

खरे तर कळण्यासारखे त्यात पुष्कळ आहे. निदान डायमंड हेड या बँडची गोष्ट तरी कुठल्याही आईवडिलांना चटकन कळेल.

बिस्किटांच्या डब्यांवर ताल

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला स्टोअरब्रिज नावाचे गाव आहे. काचसामानासाठी प्रसिद्ध. हा सारा पट्टाच कारखान्यांचा. हेवी मेटलचा पाया घालणारा 'ब्लॅक सॅबथ' हा बँड बर्मिंगहॅमचाच. त्याचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यात तुटली होती. तरीही तो वाजवत राहिला.

स्टोअरब्रिजमध्ये 1976 साली ब्रायन टॅटलर आणि डंकन स्कॉट या शाळकरी मित्रांनी बँड काढला. टॅटलरकडे स्वस्तातली गिटार होती. स्कॉटकडे ड्रम नव्हते, म्हणून तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांवर ताल धरी. पुढे गायक शॉन हॅरिस आणि बास गिटार वाजवणारा कॉलिन किम्बर्ले त्यांना येऊन मिळाले. व्यवस्थापन कोणी पाहावे? हॅरिसच्या आईने! तिच्या जोडीला रेग फेलोज हे पुठ्ठ्याच्या कारखान्याचे मालक होते.

मोठ्या कंपन्या दाद देईनात, तेव्हा मंडळींनी 1980 मध्ये स्वतःच सात गाणी ध्वनिमुद्रित केली. सुरुवातीला तबकडीच्या जेमतेम हजार प्रती निघाल्या. वेष्टन कोरे, पांढरे. वर ना नाव, ना गाण्यांची यादी. चौघांपैकी एकाची सही तेवढी प्रत्येक प्रतीवर असे. कार्यक्रमांत आणि टपालाने या प्रती विकल्या गेल्या. 'लाइटनिंग टू द नेशन्स' तो हाच अल्बम.

एका गाण्यात अनेक वळणे

या संगीताचा जीव असतो 'रिफ'मध्ये. रिफ म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा छोटा सुरावटीचा तुकडा. कीर्तनात ध्रुपद जसे फिरून फिरून येते, तसाच. बहुतेक बँड एका गाण्यात दोनतीन रिफ वापरून थांबत. टॅटलर एकापुढे एक रिफ गुंफत जाई आणि मध्येच लय बदली. 'अ‍ॅम आय ईव्हिल?' हे त्याचे उत्तम उदाहरण. शीर्षकाचा अर्थ 'मी दुष्ट आहे का?' नाव ऐकून घाबरू नका. साडेसात मिनिटांहून मोठ्या या गाण्याची सुरुवात गुस्ताव होल्स्ट या इंग्रज संगीतकाराच्या 'मार्स' या वाद्यवृंदरचनेच्या तालावर बेतलेली आहे.

जमिनीवर झोपलेला पाहुणा

1981 च्या उन्हाळ्यात लंडनला वुलिच ओडियनमध्ये डायमंड हेडचा कार्यक्रम झाला. तो पाहायला अमेरिकेहून एक सतरा वर्षांचा डॅनिश मुलगा एकटाच आला होता. वडील नामवंत टेनिसपटू. मुलानेही टेनिस खेळावे म्हणून कुटुंब लॉस एंजेलिसला आलेले. मुलाला मात्र ड्रमचे वेड. कार्यक्रमानंतर तो बँडला भेटला आणि राहायची सोय नाही हे कळताच टॅटलर त्याला घरी घेऊन गेला. टॅटलरच्या खोलीत जमिनीवर स्लीपिंग बॅगमध्ये तो झोपे. मग काही आठवडे त्याने हॅरिसच्या घरी मुक्काम ठोकला. बँडचा सराव आणि गाणी रचण्याची पद्धत तो जवळून पाहत होता.

या मुलाचे नाव लार्स उलरिक. परतल्यावर त्याच वर्षी त्याने जेम्स हेटफिल्डबरोबर 'मेटॅलिका' हा बँड स्थापन केला. मार्च 1982 मधल्या मेटॅलिकाच्या पहिल्या कार्यक्रमात नऊ गाणी होती. त्यांपैकी चार डायमंड हेडची! गाणी कोणाची हे ते सांगत नसत, त्यामुळे ऐकणाऱ्यांना ती त्यांचीच वाटत.

गुरू मागे, शिष्य पुढे

शिष्य झपाट्याने पुढे गेला आणि गुरूचे दिवस फिरले. डायमंड हेडला मोठी कंपनी मिळाली. 1982 चा 'बॉरोड टाइम' ब्रिटनच्या यादीत चोविसाव्या क्रमांकावर पोचला. पुढच्या वर्षीच्या 'कँटरबरी'ने वेगळी वाट धरली, ती जुन्या चाहत्यांना रुचली नाही. कंपनीने हात काढून घेतला आणि 1985 मध्ये बँड मोडला. पहिल्या अल्बमच्या मूळ ध्वनिफिती जर्मनीतल्या एका कंपनीकडे गेल्या होत्या, त्याही बरीच वर्षे बेपत्ता होत्या.

मात्र शिष्य कृतघ्न निघाला नाही. मेटॅलिकाने त्या सातांपैकी चार गाणी 1984 ते 1998 या काळात स्वतःच्या ध्वनिमुद्रिकांवर घेतली. रीतसर श्रेय दिले. मानधनाचा वाटा टॅटलर आणि हॅरिसला मिळत राहिला आणि त्याचा मोठा आधार झाल्याचे टॅटलरने मोकळेपणाने सांगितले आहे. 2010 मध्ये बल्गेरियात सोफियाच्या मैदानावर मेटॅलिका, स्लेयर, मेगाडेथ आणि अँथ्रॅक्स या चार बड्या बँडचे वादक एकत्र आले, तेव्हा त्यांनी मिळून वाजवले ते 'अ‍ॅम आय ईव्हिल?'

असे उपेक्षित पूर्वज आणखीही आहेत. वेल्समधल्या 'बजी' बँडची गाणीही मेटॅलिकाने उचलली. न्यूकॅसलच्या 'व्हेनम'चा 1982 चा 'ब्लॅक मेटल' समीक्षकांना ओबडधोबड वाटला, पण पुढे एका अख्ख्या संगीतप्रकाराला त्याचेच नाव मिळाले.

टॅटलरने हार मानली नाही. बँड पुन्हा उभा केला. 2020 मध्ये, चाळीस वर्षांनी, तोच अल्बम नव्याने ध्वनिमुद्रित केला आणि त्यात मेटॅलिकाचेही एक गाणे वाजवले. गुरूने शिष्याची चीज गावी, तसे.

30 ऑक्टोबर 2011 रोजी मेटॅलिका बंगळूरला आली, तेव्हा पॅलेस ग्राउंड्सवर हजारो तरुण जमले होते. त्यांतल्या किती जणांना ती पांढरी तबकडी ठाऊक असेल? विक्रीचे आकडे पाहिले तर डायमंड हेड हरलेच म्हणायचे. पण एका कोवळ्या मुलाला त्यांनी घरी नेले, आपले काम मोकळेपणाने पाहू दिले. त्याचा हिशेब कुठल्या यादीत लागायचा?

तेव्हा मुलाच्या खोलीतून पुन्हा धडधड ऐकू आली की एकदा दार वाजवा. आवाज कमी करायला जरूर सांगा. पण मग शेजारी बसून विचारा, "यांनी हे कोणाकडून शिकलं रे?" कदाचित त्यालाही ठाऊक नसेल. मग ही गोष्ट तुम्हीच त्याला सांगा.