कुठल्या ताईची कसरत?



आमच्यातली एक जण रविवारी सकाळी घरातून निघताना म्हणाली, "आत्या, मी ताई ची शिकायला चाललेय." सासूबाईंनी आतून विचारलं, "कुठल्या ताईची?"

तेव्हापासून आमच्या रेडिओच्या गटात या व्यायामाला 'ताईची कसरत' हेच नाव पडलंय. खरं तर ही कसरत कुठल्या ताईची नाही, ती चीनमधली आहे. पण आम्ही ती शिकायला गेलो ते या आत्यांमुळेच. गेल्या पावसाळ्यात त्या अंगणातल्या शेवाळावरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, वॉकर सुटून हातात काठी आली. पण भीती काही सुटेना. शेजारी जाणं बंद, भजनाला जाणं बंद. डॉक्टर म्हणायचे चाला, आणि आत्या म्हणायच्या, "पुन्हा पडले तर?"

आपल्या प्रत्येकीच्या घरात किंवा शेजारी अशी एक आत्या असते. आणि पुढे कधीतरी आपण स्वतःच त्या जागी असणार आहोत. म्हणून आजचा हा भाग.

आधी हे ताई ची म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. मुळात ही लढण्याची विद्या आहे. पूर्ण नाव ताईजीछ्वान, त्यातल्या 'छ्वान'चा अर्थ मूठ. चीनच्या हेनान प्रांतात चेन घराण्याचं एक गाव आहे, चेनजियागौ. तिथल्या लोकांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपली. १९व्या शतकात यांग लूचान नावाचा बाहेरगावचा माणूस तिथे राहून ती शिकला आणि पुढे बीजिंगला जाऊन शिकवू लागला. त्याचा नातू यांग चेंगफू (१८८३ ते १९३६) हा फार मान मिळालेला गुरू. अंगाने चांगलाच जाडजूड माणूस, पण चाल अगदी हलकी. उड्या आणि झटके काढून टाकून त्यांनी ही विद्या संथ आणि एकसारख्या लयीची केली. त्यामुळे पैलवान नसलेली साधी माणसंही ती शिकू लागली. त्यांनी सांगितलेल्या दहा मुख्य गोष्टी त्यांचे शिष्य चेन वेइमिंग यांनी लिहून घेतल्या आणि १९२५ साली पुस्तकात छापल्या. पुढे १९५६ साली चीन सरकारने यांग पद्धतीतूनच २४ हालचालींचा एक सोपा क्रम तयार करून घेतला. आज जगभर बागांमध्ये म्हातारी माणसं करताना दिसतात, त्यात हा क्रम फार चालतो. २०२० साली युनेस्कोने ताईजीछ्वानला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं.

आम्हाला शिकवणाऱ्या बाई तालुक्याला राहतात. शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या, आता निवृत्त आहेत. आवाज कधी चढवत नाहीत, पण त्यांनी नुसतं पाहिलं तरी आमच्या पाठी सरळ होतात. आम्हाला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी हात गोल गोल फिरवायला शिकवतील. बाईंनी एकही हात हलवू दिला नाही. म्हणाल्या, "या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चाला. दहाच पावलं. पण पाच मिनिटं लागली पाहिजेत."

आम्ही डोक्यावर ओझं घेऊन रानातून येणाऱ्या बायका. आम्हाला चालायला काय शिकवणार? पण तिसऱ्याच पावलाला एक जण डगमगली, पाचव्याला दुसरीने भिंत धरली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी समजावलं, घाईने चालताना एक पाय नीट टेकायच्या आत दुसरा पुढे येतो, म्हणून तोल गेलेला कळत नाही. सावकाश चाललं की एका पायावर अंग पेलायची ताकद किती उरलीय ते उघडं पडतं. आणि माणूस पडतो तो याच क्षणी, एका पायावर असताना.

इथूनच बाईंनी यांग गुरुजींच्या दहा गोष्टींतली एक गोष्ट उलगडली: भरलेला पाय आणि रिकामा पाय ओळखा. सगळं वजन उजव्या पायावर असेल तर उजवा भरलेला, डावा रिकामा. रिकामा पाय पुढे टाकायचा, आधी टाच टेकवायची, पण त्यावर वजन द्यायचं नाही. जागा पक्की आहे असं कळलं की मग एका हंड्यातलं पाणी दुसऱ्या हंड्यात ओतावं तसं वजन हळूहळू त्या पायावर ओतायचं. तो पूर्ण भरला की मागचा आपोआप रिकामा होतो आणि उचलायला हलका लागतो. दोन्ही पाय अर्धे अर्धे भरलेले राहिले की माणूस जड होतो आणि अडखळतो.

हे ऐकून आमच्यातली भातशेती करणारी मैत्रीण लगेच म्हणाली, "म्हणजे पावसात बांधावरून चालतो तसं!" अगदी तसंच. चिखलाच्या बांधावर आपण आधी पायाने चाचपतो आणि मगच भार देतो. म्हणजे ही अक्कल आपल्या पायांत आहेच. फक्त सपाट अंगणात ती आपण विसरतो, आणि पडतो बहुतेक तिथेच.

दुसरी गोष्ट डोक्याची. डोकं वरून दोऱ्याने टांगलंय असं समजायचं, म्हणजे मान सरळ आणि हलकी राहते. आम्ही म्हटलं, हंडा घेतल्यावर मान सरळच असते की! बाई म्हणाल्या, सरळ असते, पण दबलेली असते. इथे मान वर मोकळी व्हायला हवी. हनुवटी किंचित आत, नजर समोर. पडायच्या भीतीने आपण खाली पायांकडे बघत चालतो, मग डोकं पुढे जातं आणि त्याचं वजन आपल्याला आणखी पुढे ओढतं. पायाखालची वाट दिसलीच पाहिजे, पण त्यासाठी चार पावलं पुढे बघावं.

तिसरी गोष्ट कमरेची. यांग गुरुजींच्या शिकवणीत कंबर सगळ्या अंगाची मालकीण आहे. कंबर सैल असेल तर पायांना जोर येतो आणि हात तिच्यामागून फिरतात. ज्यांनी जात्यावर दळलंय त्यांना हे एका वाक्यात कळेल. नुसत्या हाताने जातं ओढलं तर चार मुठींत खांदा भरून येतो. कमरेपासून अंग पुढे-मागे गेलं की तासभर दळता येतं. ताई चीमधला हातही असाच कमरेच्या जोरावर फिरतो. हात, कंबर आणि पाय बरोबरच निघतात आणि बरोबरच थांबतात.

चौथी गोष्ट खांदे आणि कोपरांची. खांदे खाली सोडायचे, कोपरं लोंबती ठेवायची. ही आत्ताच करून बघा. ऐकता ऐकता तुमचे खांदे कानांकडे चढलेत का? भाकरी थापताना, चुलीवरचं जड पातेलं उतरवताना, घाईत असताना ते चढतात आणि काम झालं तरी तिथेच राहतात. बाई मागून येऊन दोन बोटांनी कोपराला हलकेच स्पर्श करायच्या. तेवढ्यानेच खांदा सुटायचा. आम्हाला कळायचंसुद्धा नाही, की इतका वेळ आपण तो उचलून धरला होता.

पाचवी गोष्ट आम्हाला सगळ्यांत अवघड गेली: जोर लावू नका, ध्यान लावा. आपल्याला सवय अशी, की काम म्हणजे जोर. हात उचलायचा म्हटलं तरी दात आवळतो. बाई सांगायच्या, हात कुठे जायचाय तिथे आधी मन जाऊ दे, मग लागेल तेवढाच जोर लाव.

आणि सहावी म्हणजे खंड पडू न देणं. चीनमध्ये यासाठी रेशमाचा दाखला देतात. आपल्याकडे ज्या मैत्रिणी रेशीमकोश घेतात त्यांना तो लगेच पटेल. कोशातला धागा झटक्याने ओढला तर तुटतो, म्हणून एकसारखा ओढावा लागतो. एक हालचाल संपते तिथेच दुसरी सुरू होते. श्वास कोंडायचा नाही, नेहमीसारखा चालू द्यायचा.

दहातल्या बाकीच्या चार गोष्टी याच वाटेने जातात: छाती फुगवू नये, हातपाय मेळात चालावेत, मन आणि अंग बरोबर असावं, आणि हालचालीतही आत शांत असावं. हात-पाय-कमरेच्या मेळाचं वर आलंच आहे. शेवटची आम्हाला अजून जमत नाही. आम्ही चालतो आणि डोक्यात चुलीवरचं दूध असतं.

आता तुम्ही विचाराल, दिवसभर राबतो, मग वेगळा व्यायाम कशाला? आम्हीही बाईंना हेच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, काम अंगाला एकाच बाजूने झिजवतं. खुरपताना तासन्‌तास वाकायचं, कळशी नेहमी त्याच कमरेवर, लेकरू नेहमी त्याच खांद्यावर. कामात अंगाकडे लक्ष नसतं, लक्ष काम उरकण्याकडे असतं. इथे दहा मिनिटं काहीच उरकायचं नाही. ही दहा मिनिटं मिळवायला आम्हाला चालण्यापेक्षा जास्त कष्ट पडले, हेही खरं सांगतो. एकीने घरच्यांना स्पष्ट सांगितलं, की ही दहा मिनिटं चहा मिळणार नाही.

याचा उपयोग होतो का, हे तपासूनही पाहिलंय. २०१८ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष छापून आले. त्यात ७० वर्षांपुढची, पडण्याचा धोका असलेली ६७० माणसं होती. २४ आठवडे, आठवड्यातून दोनदा, एका गटाने तोल सांभाळण्यासाठी तयार केलेलं ताई ची केलं, तर एका गटाने फक्त अंग ताणण्याचे व्यायाम केले. ताई ची करणाऱ्यांचं पडणं दुसऱ्या गटापेक्षा ५८ टक्क्यांनी कमी झालं.

पण ही जादू नाही. शेवाळ खरवडून काढावंच लागतं. न्हाणीजवळ दिवा हवा, चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला हवा, झिजलेली चप्पल टाकून द्यायला हवी. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळीने चक्कर येत असेल तर ते डॉक्टरांना सांगायला हवं. ज्यांचं ऑपरेशन झालंय, गुडघे फार दुखतात किंवा चक्कर येते, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. आत्यांच्या डॉक्टरांना आम्हीही आधी विचारलं होतं.

सुरुवात अशी करा. भिंतीजवळ किंवा पक्क्या खुर्चीच्या पाठीला एक हात लावून उभ्या राहा. पायांत खांद्याएवढं अंतर, गुडघे किंचित सैल. वजन उजव्या पायावर ओता, तीन श्वास थांबा, मग डाव्यावर ओता. दोन्हीकडे पाच पाच वेळा. हे आठ दिवस जमलं की मग संथ पावलं. गुडघा आणि पायाची बोटं एकाच दिशेला ठेवा. गुडघा आत वळू देऊ नका आणि बोटांच्या पुढेही जाऊ देऊ नका. दुखलं तर कमी वाका, तरीही दुखलं तर थांबा.

पुढचं मात्र शिकवणाऱ्या माणसाकडूनच शिका. मोबाइलवर व्हिडिओ पुष्कळ आहेत, पण तो मोबाइल तुमचा गुडघा बघत नाही. आमच्यातल्या एकीचा गुडघा प्रत्येक पावलाला आत वळत होता. तिला स्वतःला ते कळलं नव्हतं, बाईंना पहिल्याच दिवशी दिसलं. गटाने मिळून शिकवणाऱ्यांना बोलावलं तर प्रवासखर्चही वाटून जातो.

आत्यांचं काय झालं, हे विचारालच. त्या तालुक्याला आल्या नाहीत. सुनेनेच घरी शिकवलं, माजघरात, भिंतीला हात लावून. आधी म्हणाल्या, "हे काय, उभ्या जागी झोके!" पण रोज करत राहिल्या. परवाच्या एकादशीला त्या भजनाला गेल्या. काठी होती, सून बरोबर होती आणि वाटेत दोनदा थांबाव्या लागल्या. देवळाच्या पायरीशी सुनेने हात पुढे केला, तर म्हणाल्या, "थांब जरा. आधी हा पाय भरू दे."

तुम्हीही तुमच्या गटात भिंतीजवळ उभ्या राहून बघा, आणि पहिल्या दिवशी कोण कोण डगमगलं ते आम्हाला जरूर कळवा. पुन्हा भेटूच. तोवर पावलं सांभाळून टाका.