सीमाभागातील कथालेखक : त्याचा कान व त्याची शिस्त

बिदर व कलबुर्गी या जिल्ह्यांत मराठी लिहू इच्छिणाऱ्यांची उणीव नाही. तथापि या मुलखातील माणूस मराठी कथेत क्वचितच भेटतो. प्रतिभेचा अभाव हे त्याचे कारण आहे, असे आम्हांस वाटत नाही. कारण आहे ते लेखनाच्या सवयींत. आणि सवय ही लावता येते व मोडताही येते. म्हणूनच हा विषय शिक्षकवर्गापुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आमच्याकडील नवा कथालेखक लिहावयास बसतो तो बहुधा पुण्या-मुंबईच्या मासिकांतील भाषा कानात साठवून. मग त्याचा भालकीचा शेतकरी सदाशिव पेठेतील गृहस्थासारखा बोलू लागतो. दुसरा लेखक याच्या नेमके उलट करतो. बोली म्हणजे केवळ गंमत, अशा समजुतीने तो वाक्यावाक्यांत कानडी व उर्दू शब्दांची खिरापत वाटतो. पहिल्याने माणूस ऐकलाच नाही; दुसऱ्याने ऐकला, पण त्याचा विदूषक केला. दोघांचा दोष एकच : कान तयार नाही.

येथील भाषेची स्थिती नीट समजून घेतली पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, हुमनाबाद, औराद व बसवकल्याणचा प्रदेश म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आला. नकाशावर रेघ पडली, पण बोली त्या रेघेवर तुटली नाही. ज्या घरात मराठी बोलतात, त्याच घरातील माणूस बाजारात कानडी व शेजाऱ्याशी दक्खनी बोलतो. धाकट्या भावाला ‘काय करायलास?’ असे विचारणारा मनुष्य कचेरीच्या पायरीवर जपून, पुस्तकी भाषेत बोलू लागतो. तो कोणत्या क्षणी भाषा बदलतो, हे ज्या लेखकाने टिपले, त्याला त्या माणसाची भीती, अदब किंवा स्वाभिमान निराळा वर्णन करून सांगावा लागत नाही.

यासाठी पहिली सवय वहीची. दिवसाकाठी कानावर पडलेली चार-पाच वाक्ये जशीच्या तशी लिहून ठेवावीत. कोणी, कोणास व कोणत्या प्रसंगी म्हटले, हेही नोंदवावे. नुसता शब्दसंग्रह करून भागत नाही. शब्द कोशातही सापडतो. वाक्याचा हेल व त्यामागील नाते कोशात सापडत नाही.

दुसरी सवय शोधून खात्री करून घेण्याची. १९४८ पूर्वीची कथा लिहिताना जिल्ह्याच्या अधिकाऱ्यास ‘कलेक्टर’ म्हणून चालत नाही. निजामी अमलात तो ‘अव्वल तालुकदार’ होता. व्यवहार हाली सिक्क्यात होई व ब्रिटिश हद्दीतील रुपयास ‘कलदार’ म्हणत. कागदोपत्री फसली सन असे. त्यात सुमारे ५९० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. असा एक शब्द अचूक पडला की काळ उभा राहतो. चुकला की जाणता वाचक कथा मिटून ठेवतो.

तिसरी सवय ठराविक वेळेची. परभणीचे बी. रघुनाथ (१९१३–१९५३) यांनी सरकारी बांधकाम खात्यातील नोकरी सांभाळून कविता, कथा व कादंबऱ्या लिहिल्या. शाळेच्या कामातून सवड मिळत नाही, ही आम्हां शिक्षकांची नेहमीची सबब त्यांच्या उदाहरणापुढे टिकत नाही. रोजचा अर्धा तास सुटीतील सबंध महिन्यापेक्षा अधिक फळ देतो.

चौथी सवय, आणि आमच्या मते सर्वांत कठीण, ती काटछाटीची. येथे बिदरच्याच कारागिराचा धडा घ्यावा. बिदरी काम करणारा जस्त व तांब्याच्या ओतीव भांड्यावर नक्षी कोरतो, त्या खाचांत चांदी ठोकून बसवितो, आणि नंतर कानस लावून सारा पृष्ठभाग सपाट करतो. शेवटी किल्ल्यातील मातीचा लेप दिला की धातू काळा पडतो व चांदी तेवढी उजळते. चांदी उठून दिसते ती भोवतालच्या काळ्या धातूमुळे. बोलीचा शब्दही तसाच आहे. निवेदन साधे व संयत असेल, तरच तो चमकतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) निवेदन करणारा तरुण शाळामास्तर साध्या मराठीत बोलतो आणि माणदेशी बोली धनगरांच्या तोंडी येते, हे प्रमाण अभ्यासण्याजोगे आहे. म्हणून कथा लिहून झाल्यावर ती मोठ्याने वाचावी. जे वाक्य त्या पात्राच्या तोंडी बसत नाही, ते कितीही सुंदर असो, काढून टाकावे.

मराठीच्या केंद्रापासून आपण दूर आहोत, अशी खंत येथे पुष्कळांना वाटते. जी. ए. कुलकर्णी धारवाडास राहिले, तेथे इंग्रजी शिकविले, आणि कानडी मुलखात राहूनच मराठी कथेला नवे वळण दिले. ‘निळासावळा’ हा त्यांचा पहिला संग्रह १९५९ चा. सीमेवर राहणे हे उणेपण नव्हे. दोन भाषा सतत कानावर पडत असल्याने आपल्या भाषेची ठेवण येथे अधिक स्पष्ट दिसते.

मात्र वेळ थोडा आहे. १९४८ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज पंच्याऐंशी उलटलेले आहे. तालुकदाराची कचेरी पाहिलेली, हाली रुपया हाताळलेली माणसे एकेक करून जात आहेत. आणि त्यांची नातवंडे कानडी किंवा इंग्रजी शाळांतून शिकत आहेत. ती पिढी बोलली कशी, हे सरकारी दप्तर सांगणार नाही. ते काम कथेचे आहे. शाळेतील मुलांना आजी-आजोबांची पाच वाक्ये जशीच्या तशी वहीत उतरवून आणावयास सांगावे. आणि सांगणाऱ्या शिक्षकाने आपली वही त्याआधी भरलेली असावी.