तटस्थता म्हणजे निम्मे-निम्मे नव्हे

१ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर पुढाऱ्यांची चरित्रे लिहिताना तटस्थता (स्वतःचा कौल न देता, विश्वसनीय साधनांत जे जितके आढळते ते तितकेच मांडणे) म्हणजे स्तुती व निंदा समसमान वाटणे, असा चुकीचा समज सर्रास आढळतो. उदाहरणार्थ, ठाण्याजवळच्या दिवा येथील चाळीत पाणी शिरले असता तलाठी पंचनाम्यात ओलीची खूण भिंतीवर जेथे दिसेल तेथेच नोंदवितो. दोन शेजाऱ्यांच्या सांगण्याची सरासरी काढीत नाही. चरित्रातही तसेच: ठाण्याचे एकनाथ शिंदे ३० जून २०२२ रोजी मुख्यमंत्री झाले, ही नोंद निर्विवाद. परंतु तत्पूर्वी शिवसेनेत पडलेल्या फुटीस समर्थक ‘उठाव’ व विरोधक ‘गद्दारी’ म्हणतात, तेथे कोणताही शब्द आपल्या मुखी न घेता तो कोणाचा, हे संपादकाने अवश्य नमूद करावे, ही कळकळीची विनंती.